लाइट गेल्यावर आम्ही बोलायचो कसं

परवा एका बाईंचा मेसेज आला. तशी ओळख काही नाही, आमच्या डीटीपीच्या दुकानात बारशाची पत्रिका करायला आल्या होत्या, माझ्या कानातलं मशीन बघितलं आणि जाताना नंबर घेऊन गेल्या. त्यांचा मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, गेल्या वर्षी कॉक्लियर इम्प्लांट झालंय, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात ते ऐकायचं मशीन, थेरपी चालू आहे. मेसेज एवढाच: "ताई, नॉर्मल शाळेत घालू की मूकबधिर शाळेत? डॉक्टर म्हणतात नॉर्मल, सासूबाई म्हणतात स्पेशल, तुम्ही दोन्हीकडं शिकलात ना, तुम्हीच सांगा."

दोन दिवस मी उत्तरच दिलं नाही. मग लिहायला बसले तर लिहीतच गेले, म्हटलं एवढं मोठं व्हॉट्सअ‍ॅपवर कोण वाचणार, इथंच टाकते आणि त्यांना लिंक देते.

आधी एक सांगते, मी जन्मापासून बहिरी नाही. १९८९ मध्ये मला मेंदूज्वर झाला, तेव्हा मी पाच वर्षांची होते. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशीचं मला एकच आठवतंय, अंगणात कोंबड्या चोची उघडतायत, मिटतायत आणि आवाज काहीच नाही. मला वाटलं कोंबड्यांनाच काहीतरी झालंय. आईवर चिडायचे, मोठ्यानं बोल की, काय कुजबुजतेस म्हणून. ती बिचारी ओरडत असायची.

हे सांगायचं कारण म्हणजे ती पाच वर्षं. पाच वर्षं मी मराठी ऐकली, आजीच्या गोष्टी ऐकल्या, शिव्या ऐकल्या, भावकीची भांडणं ऐकली. आज मी हे जे सलग लिहितेय, दुकानात लोकांच्या पत्रिकांमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, ते सगळं त्या पाच वर्षांच्या भांडवलावर चाललंय. कोणत्याच शाळेनं मला भाषा दिली नाही, आजीनं दिली. ज्या पोरींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं त्यांच्याशी माझी तुलना कुणी करू नये. पण आयुष्यभर लोकांनी तीच केली, ते पुढं येईलच.

तर पहिली ते चौथी मी आमच्या गावच्या मराठी शाळेत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या. खटाव तालुका, दोन खोल्या, दोन गुरुजी, आणि पावसाळ्यात सगळे वर्ग एकाच खोलीत कारण दुसरी गळायची. अपंग मुलांना साध्या शाळेतच मदत देऊन शिकवायची सरकारी योजना १९७४ पासूनच होती म्हणे. आमच्या गावापर्यंत ती काही आली नाही. मला पहिल्या ओळीत बसवलं, एवढीच काय ती मदत.

पहिल्या ओळीचा एक घोटाळा असतो, तो ऐकणाऱ्या लोकांच्या लक्षातच येत नाही. पुढं बसलं की गुरुजी दिसतात, पण वर्ग दिसत नाही. मागून कुणी उत्तर दिलं, कुणी वात्रटपणा केला, पोरं हसली, ते सगळं तुमच्या पाठीमागं घडतं. मी मान वळवेपर्यंत हसून झालेलं असायचं. मग मी एकटीच उशिरा हसायचे, त्यावर पोरं परत हसायची. शेजारणीला विचारलं काय झालं तर म्हणायची, "काही नाही गं, नंतर सांगते." बहिऱ्या माणसाला कोणतं वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं जातं विचाराल तर हेच, घरात, लग्नात, ऑफिसात, सगळीकडं, आणि ते नंतर कधी येत नाही. त्याच शेजारणीच्या वहीवरून मी चार वर्षं सगळं उतरवून घेतलं, तिच्या चुकांसकट. तिला त्रेचाळीस चुकून चौतीस लिहायची सवय होती, मलाही लागली.

आणि शुद्धलेखनाचा तास! गुरुजी छडी पाठीमागं धरून रांगांमधून फिरत फिरत वाचायचे, पाठ माझ्याकडं आली की वाक्य गेलं. दहापैकी शून्य, दहापैकी एक. तो एक कशाचा मिळाला तेही मला माहीत नाही.

लोकांना वाटतं ओठ बघितले की सगळं समजतं. असं करा, आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पापा, बाबा, मामा. दिसला काही फरक? पान, बाण, मान, ओठांवर तिन्ही एकच आहेत. क, ग, ह तर घशातच होतात, ते बाहेर दिसतच नाहीत. उरलेलं सगळं अंदाजानं भरायचं. माझे वडील तेव्हा मुंबईला माथाडीत होते, सहा-सहा महिने यायचे नाहीत. एकदा गुरुजींनी विचारलं "बाबा आले का?" मी वाचलं मामा. म्हटलं हो, काल आलेत, कोंबडं कापलंय. गुरुजी संध्याकाळी घरी हजर, वडिलांशी माझ्याबद्दल बोलायला! मामाला काही सुधरेना, आईला काही सुधरेना, शेवटी गुरुजी कोंबडं जेवून गेले.

मशीन होतं मला. तेव्हाचं पॉकेट मॉडेल, काडेपेटीपेक्षा मोठा डबा, पेन्सिल सेल घालायचा, आईनं त्याला कापडाची पिशवी शिवून छातीवर बांधून दिली होती आणि तिथून वायर कानात. पोरं त्याला रेडिओ म्हणायची, जवळ येऊन त्यात हॅलो हॅलो करायची. त्यातून मला सगळ्यात मोठ्यानं काय ऐकू यायचं तर माझाच फ्रॉक त्यावर घासल्याचा आवाज. मशीन म्हणजे चष्मा नव्हे हो. चष्म्यानं अक्षर स्वच्छ दिसतं, मशीननं आवाज नुसता मोठा होतो. पत्र्यावरचा पाऊस मोठा, गुरुजींचं बोलणंही मोठं, आणि दोन्ही एकातच.

चौथीत गणितात बरे मार्क होते, बाकी मला वर ढकललं होतं. मग कुणीतरी वडिलांना जिल्ह्याच्या गावच्या निवासी मूकबधिर विद्यालयाचं सांगितलं. १९९४ चा जून, एसटी, पत्र्याची ट्रंक, आणि मी रस्ताभर ओकत गेले.

शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं ते दृश्य मी कधी विसरणार नाही. मधली सुट्टी होती. साठ-सत्तर पोरं पटांगणात आणि सगळ्यांचे हात हवेत! भांडत होती, चिडवत होती, एक जण पायरीवर उभा राहून कसली तरी गोष्ट सांगत होता आणि दहा जण तोंड उघडं टाकून बघत होते. आणि मला त्यातलं अक्षर समजेना. मराठी शाळेत मी बहिरी होते, इथं मी मुकी झाले. गावाकडं हाच शब्द दगडासारखा मारायचे, तेव्हा कुणी मुकी म्हटलं असतं तर मी त्याचे केस उपटले असते, पण त्या दिवशी खरंच तसं वाटलं.

आठ-पंधरा दिवसांत हात सुटले. पोरं शिकवत नाहीत, पोरं नुसती बोलत बसतात आणि तुम्हाला येऊन जातं. मला नाव मिळालं, दोन्ही कानांशी दोन मुठी, कारण आई रिबिनी लावून दोन वेण्या वर बांधून द्यायची. आमच्यात नाव बोटांनी अक्षरं करून कुणी सांगत बसत नाही, प्रत्येकाला एक खूण असते आणि ती स्वतःची स्वतः घ्यायची नसते, दुसऱ्यांनी द्यायची असते. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलीची खूण होती गालावर बोट टेकवून किंचित फिरवायचं. तिला खळी पडायची. तिचं कागदावरचं नाव मी इथं देणार नाही, खळीच म्हणते.

आता वर्गातलं. वर्गात हात खाली! आमच्या शाळेत खुणांना बंदी होती, हात हलला की पट्टी. वाटायचं हे आमच्याच बाईंच्या डोक्यातून आलंय. मोठी झाल्यावर कळलं की १८८० मध्ये इटलीत, मिलानला, बहिऱ्यांच्या शिक्षणाची एक परिषद भरली होती आणि तिथं ठराव झाला की मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणांनी नाही. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे! भारतातली पहिली मूकबधिर शाळा मुंबईत निघाली तीही त्याच दशकात. २०१० मध्ये त्याच परिषदेनं व्हँकुव्हरला त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशेतीस वर्षांनी. म्हणजे मिलानमधली पट्टी आमच्या जिल्ह्यात माझ्या बोटांवर बसली होती, आणि बाईंनासुद्धा ते माहीत नसणार.

वाचेचा तास मात्र मला आवडायचा, खोटं का बोलू. मोठा आरसा, आरशात बाई आणि आपण. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, प म्हटलं की पट्टी उडाली पाहिजे. ब साठी बाईंच्या गळ्यावर हात ठेवायचा, तिथं गुणगुण लागते. म साठी बोट नाकाच्या बाजूला. जे तीन ओठांवर एकसारखे दिसतात ते असे हातानं वेगळे करायचे. हुशारीचं काम आहे ते. पण खळीसारख्या जन्मापासून बहिऱ्या मुलीचा अर्धा तास एका प मध्ये जायचा, मग दुसऱ्या दिवशी परत तोच प, आणि तेवढ्या वेळात तिला पृथ्वी गोल का, आईच्या आईला आजी का म्हणतात, पाळी म्हणजे काय, हे कुणी सांगितलेलं नसायचं. पाळीचं तिला मी सांगितलं, हातांनीच, बाथरूमच्या मागं.

आणि शाळेत पाहुणे आले की मला पुढं करायचे. समाजकल्याणचे साहेब यायचे. (आपल्याकडं या शाळा पूर्वीपासून समाजकल्याणच्या हाताखाली, शिक्षण खात्याच्या नाहीत. २०२२ च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याण असं वेगळं खातं झालं, तरी शिक्षण खातं नाहीच. बहिरं मूल शाळेत गेलं की ते विद्यार्थी नाही, लाभार्थी होतं, यावर मी एकदा वेगळं लिहिणार आहे.) तर साहेब आले की मला "बोल बेटा" म्हणायचे, मी कविता म्हणायचे, साहेब खूश, टाळ्या, शाळेनं बघा कशी बोलती केली पोरगी! आणि मागं खळी वगैरे बसलेल्या, त्यांना वाटायचं आपण आळशी म्हणून आपल्याला जमत नाही. मी कुणालाच सांगितलं नाही की मला बोलायला आजीनं शिकवलंय. मलाही टाळ्या आवडत होत्या.

खळीची मराठी कशी होती ते सांगते. एकदा तिनं पोस्टकार्ड लिहिलं, "आई मी दिवाळी घरी ये." तिला म्हणायचं होतं, दिवाळीला मी घरी येणार. आईनं वाचून घेतलं कुणाकडून तरी, तिला समजलं पोरगी बोलावतेय, ये म्हणतेय, काहीतरी झालंय. ती माउली दोन एसट्या बदलून रात्री हॉस्टेलच्या दारात. ऐकणारं मूल ने, ला, चा, ते, ईन, हे सगळं न शिकवता उचलतं, कारण ते दिवसभर कानावर पडत असतं. आमच्या मुलींना एकेक प्रत्यय डोळ्यांनी पाठ करावा लागायचा. खुणांमध्ये 'येणे' कुणाकडून कुणाकडं हे हाताच्या दिशेतच असतं, वेगळा प्रत्यय लागत नाही. खळी तिच्या भाषेत बरोबरच होती. तिची भाषा तिला लिहायच्या भाषेपर्यंत नेणारा पूल करेल असं कुणी वर्गात नव्हतं, कारण ती भाषा आहे हेच मान्य नव्हतं.

साडेनऊला हॉस्टेलचे लाइट बंद. आणि उन्हाळ्यात तर बरेचदा संध्याकाळीच जायचे. ऐकणाऱ्या पोरी अंधारात जास्तच गप्पा मारतात, आमची अंधारात जीभच गेली. पण चाळीस पोरी गप्प बसतील होय? आम्ही पांघरुणात हात घालून बोलायचो. एकीनं खूण करायची, दुसरीनं त्या हातांवर आपले हात अलगद ठेवून ती खूण वाचायची. नावंबिवं असली तर तळहातावर बोटानं अक्षरं काढायची, वरची रेघ सोडून, रेघ काढत बसलं तर सकाळ व्हायची. पुसायचं असलं की तळहात चोळायचा. एका रात्री आख्ख्या रांगेत एक चहाडी कॉट ते कॉट शेवटपर्यंत गेली आणि परत आली तेव्हा तिच्यात एक मुलगा जास्तीचा घुसला होता.

खळी यात सगळ्यात पटाईत. हाताला हात लागायचा अवकाश, तिनं अर्ध्यातच ओळखलेलं असायचं. आम्हाला वाटायचं हिला जादू येते.

जादू कसली. खळीला रात्री दिसत नव्हतं. संध्याकाळ झाली की ती भिंतीला हात लावून चालायची, पाण्याची कळशी लवंडायची, बाथरूमला जाताना कुणाचा तरी झगा धरायची. खो-खोत दिवसासुद्धा पडायची. लहानपणी चालायलाही उशिरा लागली होती म्हणे. हॉस्टेलच्या मावशी तिला म्हणायच्या डोळे फुटले का, बाई म्हणायच्या धांदरट, आणि आम्ही, आम्हीसुद्धा, बाजूनं जाऊन तिला टपली मारायचो, कारण बाजूचं तिला दिसत नाही हे आम्हाला कळलं होतं, फक्त ते गमतीचं वाटायचं. रातांधळेपणा म्हणून कुणीतरी अ जीवनसत्त्वाचा डोस दिला, गाजरं खायला सांगितली. शाळेत डॉक्टर यायचे ते कान बघायचे. मूकबधिर शाळा ना, डोळे कोण बघणार.

त्याला अशर सिंड्रोम म्हणतात हे मी पंधरा-सोळा वर्षांनी वाचलं. जन्मतः बहिरेपण, तोल कमी म्हणून चालायला उशीर, मग लहानपणीच रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं, नजर नळीतून बघितल्यासारखी होत जाते. आईवडील दोघांकडून दोष आला तरच मुलात उतरतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत जास्त सापडतो. खळीचे आईवडील मामे-आतेभावंडं. मला वाचून आधी काय आठवलं असेल तर ती टपली.

सातवीनंतर आमची शाळा संपली, अशा कित्येक शाळा सातवीलाच संपतात. खळी घरी गेली. मी बोलू शकते म्हणून मला त्याच गावात हायस्कूलला घातलं, आठवी ते दहावी. वर्गात पासष्ट मुलं, दर पस्तीस मिनिटांनी वेगळे सर, म्हणजे दर पस्तीस मिनिटांनी वेगळे ओठ. इतिहासाच्या सरांच्या मिशा ओठांवर आलेल्या, तीन वर्षं मला इतिहास मिशीतून शिकावा लागला. विज्ञानाचे सर एकटे आधी फळ्यावर लिहायचे, मग खडू ठेवायचे, मग वर्गाकडं तोंड करून बोलायचे. माझ्यासाठी करत होते की सवयच होती माहीत नाही, एकदाही मला उभं करून "समजलं का बाळ" असं सगळ्यांसमोर विचारलं नाही. विज्ञानात मला ७४ पडले. बाकीचं विचारू नका.

हायस्कूलमध्ये शिक्षण खरं होतं. पुस्तक पूर्ण व्हायचं, प्रयोगशाळा होती, मूकबधिर शाळेत दोन वर्षांत झालं नसतं तेवढं सहा महिन्यांत व्हायचं. पण डबा? मुली गोल करून बसायच्या, आणि गोलात बोलणं टेबल टेनिससारखं इकडून तिकडं जातं, मी ओठ शोधेपर्यंत बॉल तिसरीकडं. पहिल्या महिन्यानंतर मी पुस्तक उघडून डबा खायला लागले. सगळ्यांना वाटलं किती अभ्यासू. त्या तीन वर्षांत मला कुणी त्रास दिला नाही, आणि कुणी एक गुपितही सांगितलं नाही.

ऐकू आणि दिसू दोन्ही न येणाऱ्या हेलन केलरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ती पंपाखाली हात आणि पाणी हा शब्द. १८८७. प्रत्येक भाषणात ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात आणि माझी चिडचिड होते. जिद्द होतीच. पण अ‍ॅन सलिव्हन नावाची एक बाई दिवसभर एकाच मुलीच्या हातावर बोलत होती, आणि ती १९३६ मध्ये जाईपर्यंत हेलनजवळ राहिली, ते हिशोबात धरा की! हेलन मधे न्यूयॉर्कच्या बहिऱ्यांच्या शाळेतही जाऊन आली, पुढं रॅडक्लिफ कॉलेजात ऐकणाऱ्या-बघणाऱ्या मुलींबरोबर शिकली, १९०४ मध्ये पदवी घेतली, आणि प्रत्येक लेक्चरला सलिव्हनबाई शेजारी बसून तळहातावर शब्द उमटवत होत्या. म्हणजे नॉर्मल की स्पेशल हा प्रश्न तिलाही आला होता, आणि तिच्याबरोबर दोन्हीकडं एक हात होता.

आपल्याकडं डेफब्लाइंड, म्हणजे बहिऱ्या आणि आंधळ्याही, मुलांसाठी मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ मध्ये बेरोझ वाच्छा यांनी सुरू केली. म्हणजे मी आणि खळी शाळेत होतो तेव्हा ती मुंबईत होती, एसटीनं एका रात्रीच्या अंतरावर. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. कायद्यात डेफब्लाइंड हा शब्द नीट आला तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, तोही बहुविकलांगतेच्या खाली. आणि या मुलांमध्ये अशरवाली खळीसारखी, म्हणजे आधी बघून नंतर अंधारात गेलेली, वेगळी. आईला गरोदरपणात रुबेला झाला म्हणून जन्मापासूनच दोन्ही नसलेली वेगळी. (रुबेलाची लस आता गोवरबरोबर देतात, महाराष्ट्रात शाळाशाळांतून ती मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये झाली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय अफवा आल्या होत्या. मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भांडून बाहेर पडले होते.)

अशा लहान मुलांचा एक वर्ग मी एकदा बघितलाय. एका मुलामागं जवळजवळ एक शिक्षिका. भिंतीशी लाकडी खण केलेले, पहिल्या खणात चमचा, दुसऱ्यात बॉल, तिसऱ्यात दप्तराचा पट्टा. ते मुलाचं वेळापत्रक. चमचा हातात घेतला की आता जेवण, जेवण झालं की चमचा झाकणाच्या डब्यात, संपलं. एक पाच-सहा वर्षांचा मुलगा सकाळपासून सारखा शेवटच्या खणाकडं जाऊन तो पट्टा चाचपत होता. घरी जायची घाई, दुसरं काय! मला एकदम आमचं हॉस्टेल आठवलं, शनिवारी ट्रंका मोजायचो ते.

खळी परत भेटली २०१७ ला. जिओ आलं होतं, डेटा स्वस्त झाला आणि सगळे डेफ लोक एकदम व्हिडिओ कॉलवर आले. ऐकणाऱ्यांना मोबाइल आला तेव्हा जे वाटलं असेल ते आम्हाला तेव्हा वाटलं. एका ग्रुपवर शाळेतली एक भेटली, तिनं सांगितलं खळी भावाकडं असते, घरातच असते. मी गेले. तिची नजर नाण्याएवढी उरली होती. मी समोर बसून हात नेहमीसारखे मोठे मोठे केले तर तिच्या खिडकीच्या बाहेरच जायचे. मग मी दोन्ही हात हनुवटीजवळ आणले, छोटे छोटे केले, गडद रंगाची ओढणी पुढं घेतली म्हणजे हात उठून दिसतील, उजेड माझ्या तोंडावर येईल अशी बसले. हे सगळं तिनंच मला शिकवलं. भाऊ म्हणाला हिला आता काही कळत नाही, वेड्यासारखी बसते. सहा वर्षं तिच्याशी घरात कुणी एक पूर्ण वाक्य बोललं नव्हतं. संध्याकाळ झाली, उजेड गेला. मी तिचे हात घेऊन माझ्या हातांवर ठेवले. पहिलं वाक्य तिनं काय बोलावं? त्या चहाडीतल्या मुलाचं पुढं काय झालं!

नंतर एका संस्थेच्या बाई तिच्याकडं यायला लागल्या, पांढरी काठी आली, ब्रेल शिकली, मराठी ब्रेलमध्येही तिचे प्रत्यय चुकतात. आम्ही लहानपणी पांघरुणात जे करायचो ते या बाई ट्रेनिंग घेऊन शिकून आल्या होत्या.

तर ताई, तुमचा प्रश्न. माझ्याकडं एका शब्दात उत्तर नाही आणि जो कुणी एका शब्दात देईल त्याच्यापासून लांब राहा. आता दिवस बदललेत. आम्हाला कोण देणार होतं इम्प्लांट, आता सरकारच्या अ‍ॅडिप योजनेत, म्हणजे अपंगांना साधनं द्यायच्या योजनेत, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला ते मिळतं, तुम्हाला मिळालंच आहे. आरटीईनं नॉर्मल शाळेत जागा मिळते, फिरते विशेष शिक्षक येतात, पण एकाच्या वाट्याला शाळा किती ते विचारून घ्या. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ पासून इंटरनेटवर फुकट आहे, ओपन स्कूलमध्ये ती भाषा विषय म्हणून घेता येते. जिच्यासाठी मी पट्टी खाल्ली तिची आता परीक्षा देतात!

पण इम्प्लांटचा बाहेरचा भाग आंघोळीला काढावा लागतो. झोपताना काढतो. सेल संपतो, मान्सूनमध्ये ओल जाते, वर्गात पन्नास पोरांच्या गोंगाटात त्याचा अर्धा उपयोग राहत नाही. मशीन काढलं की तो बहिराच आहे हो, तुमचा आमच्यातलाच मुलगा आहे. शाळा बघायला जाल तेव्हा बिल्डिंग बघू नका, मधली सुट्टी बघा. मशीन काढून ठेवलेलं असताना त्या शाळेत त्याच्याशी कोण बोलेल, कशानं बोलेल, हे विचारा. आणि घरात कोण बोलेल हे स्वतःला विचारा. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं थांबतं असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असणार. मी खुणा शिकले म्हणून माझी बोली गेली नाही. हायस्कूलची तीन वर्षं खुणा सोडल्या त्यात मात्र बोलायची इच्छाच गेली होती. माझं मत विचाराल तर नॉर्मल शाळेत घाला, पण आठवड्यातून दोनदा तरी डेफ मुलांमध्ये सोडा, आणि जमत नसेल तर निमूट उलटं करा, पाटी-पुस्तकासाठी एखादं वर्ष मागं राहिला तरी चालेल. आणि कानाच्या फाइलबरोबर एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन पडदा तपासून घ्या. हे प्रत्येक बहिऱ्या मुलाच्या आईला सांगते. अंधारात चाचपतो का, हे लक्ष ठेवा.

हे लिहिता लिहिता काल खळीकडं गेले होते. तिला तळहातावर सगळं सांगितलं, अशी अशी एक बाई आहे, असा असा मुलगा आहे, काय सांगू. तिनं आधी माझा हात हुंगला, कांद्याचा वास येतो म्हणाली. मग विचारलं, मुलाचं नाव काय. मी अक्षरं काढायला लागले, वरची रेघ सोडून, तर तिनं माझा हात झटकून तळहात चोळला. नाव नको, खूण काय त्याची?

मला काय माहीत. मी तिथंच बसून तुम्हाला मेसेज केला, तुम्ही बघितला असेल, की त्याची खूण काय आहे, घरात त्याला कसं हाक मारता. तुमचं उत्तर आलं, "खूण म्हणजे?"

रविवारी त्याला घेऊन दुकानात या. दुकान बंद असतं पण चावी माझ्याकडं आहे, आणि आतल्या खोलीत उजेड चांगला येतो.